तव्यांच्या देवगावला जाऊन आले

युरोप करून आलेल्या माणसाला लोक पहिलं विचारतात, आयफेल टॉवर कसा वाटला? मी सांगते, लांबून बरा दिसतो. जवळून पाहिलाच नाही. आमची बस टॉवरपाशी उभी होती तेव्हा मी टूर मॅनेजरशी माझ्या पासपोर्टवरून हुज्जत घालत होते.

हुज्जतीचं मूळ तांब्याच्या भांड्यांत आहे, म्हणून आधी तेच सांगते.

मी मूळची लासूर स्टेशनजवळच्या एका खेड्यातली. लग्न होऊन संभाजीनगरात आले आणि निवृत्त होईपर्यंत कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. पुष्कळ वर्षांपूर्वी शहागंजात जुन्या भांड्यांच्या ढिगात मला एक विचित्र पातेलं दिसलं. जाड तांब्याचं, आतून कल्हई केलेलं, आणि एका बाजूला हातभर लांब लोखंडी दांडा. “घंगाळातलं पाणी काढायचं असंल, बाई,” दुकानदार म्हणाला. घरी आणून घासलं तेव्हा दांड्याजवळ परक्या अक्षरांतला शिक्का दिसला. मुलीनं इंटरनेटवर शोधून सांगितलं, आई, हे फ्रेंच आहे. शंभर वर्षांचं तरी असेल. ते इथवर कसं आलं हे मला आजही माहीत नाही.

त्यात पहिल्यांदा आमटी केली आणि मी त्या भांड्याची झाले. आच बारीक केली की लगेच ऐकतं. बुडाला लागत नाही. कडेची आमटी आणि मधली आमटी एकाच वेळी उकळते. त्यानंतर मुंबईच्या जुन्या बाजारातून, परदेशी विकणाऱ्यांकडून, एकेक करत बरीच फ्रेंच भांडी जमवली आणि सगळी वापरात ठेवली. कल्हई शहागंजातले रफीकभाई करतात. पहिलं पातेलं बघून ते म्हणाले होते, “पतेला फ्रान्स का हो या फुलंब्री का, बाई, आग कू क्या मालूम!”

पण अशी भांडी जमवणाऱ्या लोकांचा इंटरनेटवर एक गट आहे. तिथं मी पातेल्यात रटरटणाऱ्या वरणाचा फोटो टाकला. परदेशातल्या एका गृहस्थानं लिहिलं, नव्यानं कल्हई लावून तुम्ही याची किंमत घालवली. अशी भांडी भिंतीवर शोभतात. मी उत्तर दिलं, आमच्याकडं भिंतीवर देव आणि कॅलेंडर असतं. पातेलं चुलीवर असतं. मला गटातून काढून टाकलं.

आमच्या घरातही या भांड्यांचं कौतुक नव्हतं. आमचे हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. “घरात स्टीलची भांडी काय कमी हायेत का?” हा त्यांचा प्रश्न गेली कित्येक वर्षं चालू आहे. पुढं युरोप टूरचं ठरलं, आणि पॅरिसच्या एका दिवसापुढं ‘मनोरंजन नगरी’ लिहिलेलं दिसलं, तेव्हा मी कुणाला न सांगता नकाशा उघडून बसले.

पॅरिस

फ्रान्सच्या वायव्येला नॉर्मंडीत व्हिलद्यू नावाचं लहानसं गाव आहे. व्हिल म्हणजे गाव, द्यू म्हणजे देव. म्हणजे सरळ देवगाव. आमच्या लासूरच्या पुढं देवगाव रंगारी आहे, तसं हे पूर्ण नावानं ‘तव्यांचं देवगाव’. कित्येक पिढ्या तिथं तांब्याची भांडी घडवली जातात. पॅरिसहून आगगाडीनं सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं.

आमचा टूर मॅनेजर अनिकेत हा भला मुलगा. पण चाळीस-पन्नास ज्येष्ठ नागरिक सांभाळायचे म्हणून त्याच्या कपाळाला कायम आठी. “काकू, ग्रुप सोडून नाही जाता येत. आणि पासपोर्ट सगळ्यांचे माझ्याकडेच राहतात.”

“माझा मला दे.”

“काकू, तुम्हाला भाषा येत नाही.”

“तुला तरी कुठं येते? काल तू पाणी मागितलंस आणि त्यानं बिअर आणली.”

बसमध्ये हशा झाला. हे हसले नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाले, “लई झालं तुझं. म्हातारपणी हा काय खुळेपणा? पातेल्यासाठी एकटी बाई परमुलखात हिंडणार? चारचौघांत शोभा नको.”

“मग चला माझ्याबरोबर.”

“मी पैसे भरलेत ते पाळण्यात बसायला.”

“तर बसा पाळण्यात.”

“गेलीस तर माझ्याशी बोलू नकोस,” ते म्हणाले. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण मी गावाबाहेर कुठं एकटी म्हणून गेले नव्हते. माहेरीसुद्धा कुणीतरी पोचवायला यायचं. भीती वाटत होती, हे खरं. पण परत जाऊन अनिकेतपुढं हात पसरला, तो मी मागं घेतला नाही. त्यानं शेवटी पासपोर्ट ठेवला हातावर. मला पोचवायला मात्र कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडीवर स्वेटर, पायात बूट आणि खांद्याला पिशवी अशी निघाले. मेट्रो जमली. ज्या स्टेशनवरून गाडी होती ते मात्र आपल्या स्टेशनसारखं नाही. आमच्या गाडीचे प्लॅटफॉर्म त्याच स्टेशनच्या पार दुसऱ्या टोकाला, म्हणजे आमच्या संभाजीनगरात क्रांती चौकात उतरून पैठण गेटला गाडी धरायची तसा प्रकार. पळत सुटले. एका काळ्या आजीबाईंनी माझं तिकीट बघितलं, माझा हात धरला आणि मला ओढत नेऊन डब्यात बसवलं. एक शब्द आम्ही बोललो नाही. आधी हात जोडले मी, मग त्यांनी.

बाहेर हिरवळ संपेना. बांधांवर दाट झुडपं, सफरचंदांच्या बागा, आणि गुरं इतकी धष्टपुष्ट की आमच्याकडच्या पोळ्यालाही तशी सजत नाहीत. आमच्याकडं मे महिन्यात गुरांना सावली शोधावी लागते. इथं ती उन्हात बसून उन्हाचं सुख घेत होती.

व्हिलद्यू

गाव दगडी घरांचं, नदीच्या काठानं वर चढत गेलेलं. मुख्य रस्त्यावर दुकानांच्या काचांमागं तांबं नुसतं पेटल्यासारखं दिसत होतं. या गावच्या लोकांना पूर्वीपासून ‘बहिरे’ म्हणतात. घरोघर हातोडे चालायचे, त्यानं खरंच कान जायचे. हे वाचलेलं होतं, पण पुढं प्रत्यक्ष कामी येईल असं वाटलं नव्हतं.

आधी पोटाचं बघितलं. एका लहान खाणावळीत काळसर पिठाचं मोठं धिरडं मिळालं, आत चीज आणि वर खारं लोणी. उत्तरेकडं उपासाला कुट्टूचं पीठ वापरतात, तेच हे. मालकिणीला मी खुणेनं विचारलं, अजून एक? तिनं खुणेनं विचारलं, एवढंसं पोट आणि अजून एक? दिलं मात्र.

नव्या भांड्यांची दुकानं चकचकीत होती. मला जुनं हवं होतं. गल्लीच्या टोकाला एक काळोखं दुकान सापडलं. दाराशी पंचाहत्तरीच्या पुढची एक बाई खुर्चीवर बसून एक झाकण चोळत होती. नाव ओदिल. मी फोनमध्ये मराठीत बोलायचे, फोन फ्रेंचमध्ये सांगायचा. ओदिलबाईंनी कानातलं यंत्र दाखवलं आणि मान हलवली. ऐकू येत नव्हतं. वडील तांबट, सगळं बालपण कारखान्यात गेलेलं. मग आम्ही फोनच्या पडद्यावर लिहून बोललो. एक वाक्य मी, एक वाक्य त्या, मध्ये चष्मा पुसणं.

आणि मग मला ते दिसलं. टेबलावर एकटंच ठेवलेलं, पसरट, दोन पितळी कड्यांचं भांडं. आपल्या लग्नाघरच्या पातेल्याचं धाकटं भावंड म्हणा. पत्रा एवढा जाड की दोन्ही हातांनी उचलताना मनगट बोललं. आतली कल्हई जुनी, दुधावरच्या सायीच्या रंगाची, कुठंही उडालेली नाही. तळावर हातोडीच्या खुणा ओळीनं. मी इतकी वर्षं फोटोंतच बघत आले होते असं भांडं.

“हे घेते,” मी लिहिलं.

“हे विकलं,” त्यांनी लिहिलं. “पॅरिसचा एक माणूस आज दुपारी न्यायला येणार.”

“तो काय करणार याचं?”

ओदिलबाईंनी फोनवर एक फोटो दाखवला. एका हॉटेलची जेवणाची खोली. छताला तांब्याची भांडी उलटी टांगलेली, प्रत्येकाच्या बुडाला भोक पाडून त्यातून वायर घातलेली आणि आत दिवा.

माझ्या तोंडून मराठीतच निघालं, “अहो, बुडाला भोक?”

भांडं कुणाचं, हे मी विचारलं. त्यांच्या आईचं. वडिलांनी घडवलेलं. बारा माणसांचं घर होतं, रोज त्यात शिजायचं. आता मुलं शहरात. त्यांच्या घरी विजेच्या काचेच्या शेगड्या, तांबं त्यावर तापत नाही. दुकान बंद करायचं ठरलंय. मला माझ्या मुलीचं पुण्यातलं स्वयंपाकघर आठवलं. तिथंही तीच काच, आणि तिथंही माझ्या भांड्यांना जागा नाही.

“त्याला नाही म्हणा,” मी लिहिलं.

“शब्द दिलाय.”

त्यापुढं मी काय लिहिणार? शब्दाची किंमत मलाही कळते. पण पाय हलेना. मी तिथंच उभी राहिले आणि मग लिहिलं, “फाशी देण्याआधी कैद्यालासुद्धा शेवटची इच्छा विचारतात. भोक पडायच्या आधी मला यात एकदा शिजवू द्या.”

ओदिलबाईंनी ते दोनदा वाचलं. माझ्या तोंडाकडं बघितलं, साडीकडं बघितलं, बुटांकडं बघितलं. मग उठून त्यांनी दुकानामागचं दार उघडलं. आत लहानसं स्वयंपाकघर, आणि खिडकीपाशी गॅसची शेगडी.

टूरवर रोज रात्री पनीर मिळतं, म्हणून पिशवीत मी येसर ठेवलेलं होतं. मराठवाड्यात लग्नात पंगतीला येसर आमटी असते. धान्यं आणि मसाले भाजून दळलेलं ते पीठ, त्याची पुडी उघडली तर ओदिलबाई वास घ्यायला वाकल्या आणि शिंकल्या. त्यांच्याकडं लसूण होता, तेल होतं, कोथिंबीर नव्हती. चिंच नव्हती, म्हणून लिंबू. येसर पाण्यात कालवून ठेवलं, तेलात लसूण टाकला. आणि ते भांडं, मी सांगते तुम्हाला, ते वाट बघतच होतं. एवढीशी आच, पण सगळ्या तळाला एकसारखी. लसूण कडेला आणि मध्ये एकाच क्षणी लाल झाला. कालवण ओतलं, उकळी आली, तेलाचा तवंग वर आला. ओदिलबाई माझ्या शेजारी उभ्या. त्यांना उकळीचा आवाज ऐकू येत नव्हता, तेव्हा त्यांनी कड्यावर बोट ठेवलं आणि ते तसंच राहू दिलं. भांडं थरथरतंय ते त्यांना बोटातून कळत होतं.

भाकरी नव्हती, ब्रेड होता. मी ब्रेड कुस्करून त्यावर आमटी घेतली आणि हातानं खाल्ली. त्यांनी आधी चमचा घेतला. दोन घास झाल्यावर चमचा ठेवून दिला. तिखटानं डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात थांबत नव्हता.

तेवढ्यात दुकानाची घंटा वाजली आणि मी ओदिलबाईंना दाराकडं बोट दाखवलं. पॅरिसचा माणूस आला होता. चांगला तरुण, नीटनेटका, खिशात मोजपट्टी. मला वाटलं होतं कुणी राक्षस येईल. हा तर दारात बूट पुसून आत आला.

ओदिलबाई हातात पळी घेऊन दाराशी गेल्या आणि त्याला काहीतरी म्हणाल्या. तो हसला, काहीतरी बोलला. त्याच्या ओठांवरून ते समजून त्या पुन्हा बोलल्या, या वेळी जोरात. मला शब्द कळेना. नंतर त्यांनीच मला लिहून दाखवलं. त्या म्हणाल्या होत्या, “भांडं कामात आहे.” तो म्हणाला, “मी थांबतो.” तेव्हा त्या म्हणाल्या, “मी जिवंत असेपर्यंत ते कामात असणार आहे. तुला दिलेला शब्द मी मोडते. त्याची माफी माग म्हणशील तर मागते. भांडं मात्र मिळणार नाही.”

त्याचं तोंड उतरलं. त्याचंही हॉटेलवाल्यांशी ठरलेलं असणार. ओदिलबाईंनी त्याला एका वाडग्यात आमटी दिली. त्यानं उभ्याउभ्याच खाल्ली, घटाघटा पाणी प्यायला, आणि दोन मोडकी झाकणं घेऊन गेला.

तो गेल्यावर मी टुणकन उडी मारायच्या बेतात होते. फोनवर लिहिलं, “मग आता मला द्या!”

ओदिलबाईंनी वाचलं आणि त्या खदखदून हसल्या. “तुम्हालाही नाही.”

खोटं कशाला सांगू, वाईट वाटलं. हजारो मैल आले, ज्यासाठी आले ते हाताशी आलं, माझ्याच हातानं ते जिवंत केलं आणि माझ्याच हातून गेलं. एकदा भांडलेसुद्धा. लिहिलं, मी नसते आले तर उद्या यात दिवा लागला असता. त्या म्हणाल्या, खरं आहे. आणि पुन्हा म्हणाल्या, नाही. मला त्या बाईचा राग आला आणि त्याच वेळी तिचा हात हातात घ्यावासाही वाटला. मी भांडं घासून, पुसून तिच्या शेगडीवरच ठेवलं.

मग त्यांनी मला कोपऱ्यातली एक मोठी उघडी कढई दाखवली. मुरंबे करायची. तिला आतून कल्हई नसते. साखरेच्या पाकाला लागत नाही. कडेला पोचा होता. भाव झाला, दोघींनीही ताणून धरला, आणि कढई माझी झाली.

या सगळ्यात माझी परतीची गाडी निघून गेली होती.

लुसर्न

अनिकेतला फोन केला. तो म्हणाला, “काकू, सकाळी बस स्वित्झर्लंडला निघते.”

“जाऊ दे. थांबू नका. मी लुसर्नला पोचते.”

“कशा?”

“आले तशी.”

मग यांना फोन द्यायला सांगितलं. त्यांनी घेतला नाही. त्या रात्री ओदिलबाईंकडं राहिले आणि सकाळी त्यांनी मला त्यांच्या खटारा गाडीतून स्टेशनवर सोडलं. दिवसभर मी गाड्या बदलत होते, कढई मांडीवर. एका तपासनिसानं तिच्याकडं बोट दाखवून काही विचारलं. मी म्हटलं, “मुरंबा.” त्याला काय समजलं देव जाणे, पण त्यानं सलाम केला. पॅरिसला नाही चुकले, पुढं एका जागी उलट्या दिशेच्या गाडीत चढले आणि पुढच्या स्टेशनवर उतरून परत आले. त्या फलाटावर बसून चॉकलेट खाताना मला कळलं की भीती सकाळीच कुठंतरी उतरून गेली होती.

लुसर्नच्या हॉटेलात पोचले तेव्हा सगळे जेवायला बसलेले. हे उठून उभे राहिले, मला वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि पुन्हा बसले. बोलले नाहीत.

दुसऱ्या सकाळी बसमध्ये अनिकेतनं माइक माझ्यापुढं धरला. “काकू, ग्रुप तुमच्यासाठी पॅरिसला तासभर थांबला. सगळ्यांना सॉरी म्हणा, म्हणजे विषय संपला.”

मी माइक घेतला. “थांबू नका म्हटलं असताना थांबलात, त्याबद्दल आभार. अनिकेतच्या डोक्याला ताप दिला, त्याची माफी मागते. गेले त्याची मागणार नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा जाईन.”

मग मागून लातूरच्या शिरसाट वहिनींचा आवाज आला, “ते जाऊ द्या हो, आधी भांडं दाखवा!” कढई सीटांवरून हातोहात फिरली. कुणी वाजवून बघितली, कुणी डोक्यावर धरून फोटो काढला. यांच्याकडं आली तेव्हा त्यांनी ती न बघता पुढं दिली. आणि शिरसाट वहिनी अनिकेतला विचारत होत्या, “उद्या बर्फावर जायचंच का रे? मला त्या तळ्याकाठी नुसतं बसायचंय. पासपोर्ट दे माझा.”

अनिकेतनं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मी खिडकीबाहेरचे डोंगर बघू लागले.

घरी

परतल्यावर आठवडाभर आमच्या घरात ‘मीठ दे’ आणि ‘दार लाव’ एवढंच बोलणं होतं. मी दौलताबादच्या रस्त्यावरून हंगामातले शेवटचे अंजीर आणले. रविवारी धाकटे दीर आणि जाऊबाई टूरच्या गप्पा ऐकायला येणार होते. ते येऊन हॉलमध्ये बसले, मी इकडं कढई गॅसवर चढवली, साखर आणि अंजीर एकत्र करूनच आत घातले. नुसतं आंबट फळ उघड्या तांब्यात घालायचं नाही, हे मी वर्गात शिकवलेलं. पाक सगळीकडून एकसारखा फुलायला लागला. वास हॉलपर्यंत गेला असणार, कारण बोलणं थांबलं.

मग यांचा आवाज ऐकू आला. ऐटीत सांगत होते, “तिला एकदा ते गाव बघायचंच होतं. मी म्हटलं, जा, बघून ये. परवानगी दिली. आपण काय जुन्या वळणाचे हायेत का?”

“व्हय? एकटीला सोडलं?” भाऊजी म्हणाले. “लई मोठं मन तुमचं, दादा.”

मी गॅस बंद केला आणि पळी हातात घेऊन हॉलच्या दारात गेले.

“परवानगी मी मागितलीच नव्हती, भाऊजी.”

जाऊबाईंनी चहाचा कप तोंडाशी नेलेला तसाच धरला. भाऊजी भिंतीकडं बघू लागले. हे माझ्याकडं बघत राहिले. पॅरिसनंतर पहिल्यांदाच नीट बघत होते.

“नव्हती मागितली,” ते शेवटी म्हणाले. आणि पुढं, “मी दिली बी नव्हती.”

“मग आता उठा,” मी म्हटलं. “हे तांब्यात ठेवून चालत नाही, लगेच काढावं लागतं. बरण्या पुसून ठेवल्यात. भरू लागा.”

हे उठले.